थांबणाऱ्या बायका

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मिरजेत तांबोळी गल्लीच्या तोंडाशी बिल्किस अत्तार यांना विनाचालक बस क्रमांक चारची धडक बसली. वय बासष्ट. उजवं मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. बसचा वेग बेताचा होता आणि गाडीतल्या निरीक्षक मुलीने वेळेवर ब्रेक दाबला, म्हणून एवढ्यावर निभावलं. साल २०३९, महिना मार्च.

निरीक्षक मुलीचं नाव रुकय्या शिकलगार. कृष्णाखोरे तंत्रविद्यापीठातली संशोधक विद्यार्थिनी. तिचं घर त्याच गल्लीत आहे. बिल्किस अत्तार तिच्या शेजारी राहतात आणि ती त्यांना लहानपणापासून खाला म्हणते. बस रस्त्यावरच्या बायका ज्या पद्धतीने ओळखते, ती पद्धतही रुकय्यानेच तयार केली होती.

निरीक्षकाच्या आसनासमोर एक पडदा असतो. रस्त्याकडेला दिसणाऱ्या प्रत्येक माणसाच्या डोक्यावर यंत्राचा निष्कर्ष त्यात एका शब्दात उमटतो: 'थांबेल' किंवा 'येईल'. बिल्किसखालांच्या डोक्यावर 'थांबेल' होतं. त्यांनी रस्त्यावर पाऊल टाकल्यानंतरही क्षणभर ते तसंच राहिलं.

संध्याकाळी नियंत्रण कक्षाने अपघाताचं कारण नोंदवलं: पादचाऱ्याचं अनपेक्षित वर्तन.

*

माणूस पाऊल उचलण्याआधी त्याचं शरीर ते सांगून टाकतं. वजन एका पायावर जातं, कंबर किंचित वळते, दुसरा गुडघा सैल होतो. विनाचालक गाडीचा कॅमेरा खांदा, कंबर, गुडघा, घोटा असे बिंदू धरतो आणि पुढच्या दीड-दोन सेकंदांत माणूस कुठे असेल याचा अंदाज बांधतो. याला हेतुवाचन म्हणतात. रुंद, मोकळ्या रस्त्यावर त्याच्यावाचून भागेल. मिरजेच्या बाजारात भागत नाही, कारण रस्त्याकडेला उभ्या असलेल्या प्रत्येकासाठी ब्रेक लावायचा म्हटलं तर बस स्टँडवरून हलणारच नाही. माणूस थेट समोर आलाच तर रडार गाडी थांबवतं. पण धावत्या गाडीला थांबायला अंतर लागतं, आणि ते तोवर उरलेलं असेलच असं नाही.

हे यंत्र परदेशी रस्त्यांवर, अंगाबरोबरच्या कपड्यांतल्या माणसांवर शिकलं होतं. बुरख्यातल्या बाईचा गुडघा त्याला सापडेना. बिंदू सापडले नाहीत की थांबायचं, असा नियम. त्यामुळे पहिल्या चाचण्यांत तांबोळी गल्लीपाशी बस पावलापावलाला अडायची. "आम्हाला सलाम करून जाते," असं गल्लीतल्या पोरी म्हणायच्या. गाडीत खोळंबलेले लोक जे म्हणायचे ते छापण्याजोगं नाही.

त्याच सुमारास विद्यापीठाने युरोपातल्या एका संशोधन संस्थेशी भागीदारी केली. उपक्रमाचं नाव 'सहप्रवास'. अल्पसंख्याक समाजांतल्या मुलामुलींना वाहतूक-तंत्रज्ञानाच्या संशोधनात आणायचं, आणि बाहेरच्यांना जे दिसत नाही ते त्यांच्याकडून शिकायचं, हा उद्देश. पहिल्या तुकडीत नऊजण घेतले. त्यांनी काही करून दाखवलं तरच पुढची तुकडी, असं ठरलं होतं.

रुकय्याने करून दाखवलं. तिची कल्पना सोपी होती. गुडघा दिसत नसेल तर कापड पाहायचं. कापड शरीराच्या मागून चालतं. पाऊल पडल्यावर बुरख्याच्या घेराला किंचित उशिराने लाट येते, आणि थांबलेल्या बाईचा घेरही जरा डोलून मगच शांत होतो. हा उशीर मोजला की आतल्या पायाचा अंदाज येतो. बुरखा, नऊवारी, लुंगी, धोतर, सगळ्यांना हे लागू होतं. तिने आपल्याच गल्लीत तीन आठवडे चित्रीकरण केलं. गल्लीतल्या बायका हौसेने चालल्या. 'घेर' नावाच्या तिच्या संगणक-कार्यक्रमाने त्यांच्या पुढच्या पावलाचा अंदाज इतका अचूक केला, की उपक्रमाच्या प्रमुख डॉ. मेधा तगारे यांनी आकडे दुसऱ्यांदा तपासायला लावले. तेही तसेच आले. जानेवारीत 'घेर' मिरजेच्या सगळ्या बसमध्ये बसवला गेला आणि बस अडायची थांबली.

*

रविवारी रुकय्या बिल्किसखालांकडे गेली. खोलीत गल्लीतल्या पाच-सहा बायका आधीच जमल्या होत्या. रुकय्याची आई जुबेदा चहा गाळत होती. बोलणं दखनीत चाललं होतं.

"आली बघा डायवर!" पलंगावरून बिल्किसखाला म्हणाल्या. "पाडलंस ते पाडलंस, येताना दोन मोसंबी तरी आणायचीस."

"खाला, माफ करा मला."

"कशाबद्दल गं? चूक माझी. मी थांबायला पाहिजे होतं. मटण घेऊन निघालेले, घरी पाहुणे बसलेले. तुझी बस दिसली की थांबायचं, ते डोक्यातून गेलं आणि नेहमीसारखी घुसले."

"नेहमीसारखी म्हणजे?"

"म्हणजे अशी." खालांनी धडधाकट डावा हात कमरेच्या उंचीवर पुढे केला, तळवा बाहेर. "मान खाली, हात पुढं, चल. वाहनाकडं बघायचंच नाही. बघितलं की ते पुढं घुसतं. ट्रकवाला असू दे नाहीतर कुणी, हाताला थांबतोच. जन्मभर असंच ओलांडलंय."

"पण चित्रीकरणात तर तुम्ही कडेला थांबला होता. दोन्हीकडं बघत होता."

"ते वेगळं," जुबेदा हसत म्हणाली. "ती तुझी परीक्षा होती की!"

मग सगळ्याच एकदम बोलू लागल्या. चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी जुबेदा घरोघरी फिरली होती. उद्यापासून कॅमेरा लागणार, आपल्या गल्लीतल्या बायका कशा चालतात ते परदेशातले लोक बघणार, पोरीचा निकाल आपल्या चालण्यावर आहे. कडेला थांबायचं, गाडी जाऊ द्यायची, मगच उतरायचं. मशिदीमागच्या मोकळ्या जागेत तालीमही झाली होती. कोपऱ्यावरची शहनाज सवयीने मध्येच घुसली, तर तिला मागे पाठवून पुन्हा चालायला लावलं होतं.

"दोनदा!" शहनाज म्हणाली. "तुझ्या अम्मीनं सगळ्यांपुढं कान उपटला माझा."

रुकय्याचा चहा तसाच राहिला. तीन आठवड्यांच्या चित्रीकरणात गल्लीतली एकही बाई रोजच्यासारखी चालली नव्हती. घेर शांत झाला की बाई थांबते, एवढंच यंत्र शिकलं होतं. रोजच्या चालण्यात घेर शांत होतो तो हात पुढे जाताना, क्षणभर. त्यानंतर पाऊल पडतं.

"अम्मी, मला सांगितलं का नाही?"

"तुला कसं सांगणार?" जुबेदा म्हणाली. "पेपर फोडल्यासारखं झालं असतं ना ते."

*

सोमवारी रुकय्याने डॉ. तगारे यांना सगळं सांगितलं आणि बस थांबवण्याची लेखी विनंती दिली. 'सहप्रवास' सुरू व्हावा म्हणून तगारे कित्येक वर्षं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, एकही प्रश्न विचारला नाही, आणि पत्र त्याच दुपारी आढावा समितीकडे पाठवलं.

समितीचं उत्तर पुढच्या आठवड्यात आलं. बस थांबवण्यासारखं कारण आढळत नाही. अपघातानंतर तांबोळी गल्लीपाशी जेवढ्या बायकांना 'थांबेल' म्हटलं गेलं, तेवढ्या सगळ्या खरोखर थांबल्या आहेत.

"त्या थांबणारच, मॅडम," रुकय्या म्हणाली. "खाला पडल्यावर गल्लीत ठरलंय. परीक्षेत चाललो तसंच आता कायम चालायचं. माझ्या नावाला दुसरा डाग नको म्हणून. त्या मुद्दाम थांबतायत."

"यंत्राला मुद्दाम कळत नाही."

"म्हणूनच बंद करा म्हणतेय."

तगारे यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण माझ्याकडं आहे काय? तुझं एक पत्र. आधीचा अपघात तर 'अनपेक्षित वर्तन' म्हणून बंद झालाय. आणि तिकडं रोज थांबणाऱ्या शेकडो बायका. करारातलं कलम तुला माहीत आहे. सदोष सामग्रीवर गाडी रस्त्यावर आणली असं सिद्ध झालं, तर उपक्रम गोठतो. तुझा एकटीचा नाही, नऊजणांचा. ते मी सोसेन. पण समितीला पुरावा लागेल. एक प्रसंग आण. नेहमीसारखी ओलांडणारी एक बाई, बससमोर, आणि पडद्यावर 'थांबेल'."

"म्हणजे दुसरा अपघात आणू?"

तगारे यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

*

'घेर' एकदा शिकून थांबणारा कार्यक्रम नव्हता. बसच्या कॅमेऱ्यांतलं चित्रीकरण दर आठवड्याला त्याला पुन्हा शिकवलं जात होतं. बाई थांबली की त्याचा अंदाज खरा ठरायचा आणि खात्री वाढायची. खात्री वाढली की बस गल्लीपाशी कमी रेंगाळायची. बस रेंगाळली नाही की बायका आणखी थांबायच्या. एप्रिल उजाडेपर्यंत बस तिथे वेग कमी करेनाशी झाली. तिच्या मागच्या रिक्षाही करेनाशा झाल्या.

बायका उन्हात पिशव्या घेऊन उभ्या राहू लागल्या. आधी विनोद झाले. शहनाज म्हणाली, लग्नानंतर नवऱ्याची एवढी वाट पाहिली नाही. मग विनोद कमी झाले. पलीकडच्या भाजीवालीला अलीकडे बसायला सांगितलं गेलं. दवाखान्यात जायचं तर कुणीतरी पुरुष सोबत लागू लागला, कारण पँटमधल्या माणसाला बस अजून जुन्या पद्धतीने वाचत होती. ज्यांना रोज जाणं भाग नव्हतं त्यांनी जाणं सोडलं. गल्लीचं पलीकडचं आयुष्य हळूहळू बंद होत गेलं, आणि कुणी कुणावर बंदी घातलेली नव्हती.

रुकय्याने दारोदार जाऊन सांगून पाहिलं. जे झालं ते चुकीचं झालं, यंत्र चुकीचं शिकलं, नेहमीसारख्या चाला.

"नेहमीसारखं चालून तुझ्याच गाडीखाली येऊ?" जुबेदाने विचारलं. "आणि पेपरात नाव तुझंच?"

"अम्मी, तुम्ही थांबता तेवढं ते पक्कं होत जातं."

"आम्ही थांबतो म्हणून तू टिकून आहेस तिथं. शिकलगारांच्या घरातली पहिली पोरगी. मी काय, हातपाय मोडले तरी थांबेन."

बिल्किसखालांनी प्लास्टरमधला हात उचलून मध्यस्थी केली. "बेटा, तुझ्या हातून चांगलं झालंय असं तुला कधी वाटलंच नाही. लहानपणापास्नं बघते. पास झालीस, आता गप बस."

रुकय्याने त्यानंतर कुणाला सांगितलं नाही. नेहमीसारख्या चाला म्हणणं म्हणजे तुमच्यापैकी एकीने बसपुढे जा म्हणणं, हे तिच्या लक्षात आलं होतं. गप्पही राहता येईना. जूनपासून 'घेर' आणखी चार शहरांतल्या बसमध्ये जाणार होता. तिथल्या बायकांनी रुकय्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्या हात पुढे करून ओलांडणार होत्या.

*

निलोफर मुजावर ही नऊजणांतलीच. कुपवाडची. तीही बसवर निरीक्षक म्हणून जायची. भागीदार संस्थेत वर्षभर काम करण्यासाठी तिची निवड झाली होती. ऑगस्टमध्ये निघायचं होतं, व्हिसा आला होता. आगाराच्या कठड्यावर दोघी डबा खायला बसल्या.

"झालं तुझं खरं बोलून?" निलोफरने विचारलं.

"कुणी ऐकलं तर होईल."

"माझ्या घरातलं कुणीतरी पहिल्यांदा विमानात बसणार आहे, रुक्की. हजला नाही, नवऱ्यामागं नाही. कामाला. अब्बा रिक्षात बसेल त्याला सांगतात. परवा एका गिऱ्हाइकानं ऐकायला नको म्हणून मध्येच उतरून पैसे दिले."

रुकय्या हसली. मग म्हणाली, "माहितीये मला."

"माहितीये तर ऑगस्टपर्यंत गप्प बस. मी गेले की काय ते कर."

"जूनमध्ये चार शहरांत जातंय ते."

"तिथल्या बायका बघून घेतील त्यांचं त्या."

निलोफरने भाकरीचा तुकडा पुन्हा डब्यात टाकला.

"तसं म्हणायचं नव्हतं मला."

"म्हणालीस पण."

"म्हणाले." निलोफरने डबा बंद केला. "गुरुवारी दुपारपासून चार नंबरवर मी आहे. तुझ्या गल्लीत तमाशा नकोय मला. ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

*

रुकय्याने गुरुवारच का निवडला, यावर गल्लीच्या तोंडाशी जमलेल्यांत बरेच तर्क चालले आहेत. मैत्रिणीचं जाणं तिला बघवत नव्हतं, इथपर्यंत लोक बोलत आहेत. तिचं स्वतःचं म्हणणं एवढंच आहे, की नऊजणांत ब्रेकवरचा सगळ्यात चपळ हात निलोफरचा. दुपारी साडेचारला तिने डॉ. तगारे यांना निरोप पाठवला: "तुम्ही मागितलेला प्रसंग आज आणते." तगारे बैठकीत होत्या. त्यांनी तो वाचला तेव्हा उशीर झाला होता.

पाचच्या सुमारास ती घरातून बुरखा घालून निघाली. विद्यापीठात जाताना ती तो घडी करून पिशवीत ठेवते. आज पिशवी घरीच होती. गल्लीच्या तोंडाशी बायका नेहमीप्रमाणे थांबलेल्या होत्या. जुबेदाही त्यांत होती. बस क्रमांक चार स्टँडकडून येताना दिसली. रुकय्या बायकांच्या ओळीतून पुढे सरकली आणि कडेला उभी राहिली. मान खाली घातली. तिचा घेर शांत झाला. मग तिने हात पुढे केला.

"रुकय्या!" जुबेदा ओरडली. तिच्या हातात बुरख्याची बाही आली आणि निसटली.

बस थांबली. बसची काच आणि रुकय्याचा तळवा यांत हातभराहून जास्त अंतर नव्हतं, असं पाहणाऱ्या सगळ्यांचंच म्हणणं आहे. गाडीतला एक प्रवासी पुढच्या दांड्यावर आपटून त्याचा ओठ फुटला. त्यापलीकडे कुणाला लागलं नाही.

गाडीच्या यंत्रात दोन नोंदी आहेत. निरीक्षकाने ब्रेक दाबला आणि रडारनेही ब्रेक लावला, दोन्ही एकाच क्षणी. आधी कोण, हे नियंत्रण कक्षाला सांगता येत नाही. अशा वेळेसाठी मार्चमधल्या अपघातानंतर एक नवा नियम झाला होता. निरीक्षकाने जागीच सांगायचं: तुम्ही ब्रेक दाबला नसता तर गाडी वेळेत थांबली असती का? उत्तर मिळेपर्यंत गाडी हलत नाही आणि दारं उघडत नाहीत, म्हणजे कुणी उतरून निरीक्षकाला पढवू शकत नाही. 'हो' म्हटलं तर यंत्र निर्दोष, आणि रुकय्यावर सार्वजनिक वाहतुकीत अडथळा आणल्याची कारवाई. 'नाही' म्हटलं तर 'घेर' सगळीकडे त्याच मिनिटाला बंद, आणि 'सहप्रवास' गोठलेला.

निलोफर काहीच म्हणाली नाही.

"अहो बाई, काय ते सांगा की पटकन," मागून एकजण म्हणाला. "माझी कोल्हापूरची गाडी आहे."

"तिला विचारा की, मरायचं होतं तर रेल्वे लाइन काय वाईट होती," दुसरा म्हणाला.

निलोफर काचेतून रुकय्याकडे बघत होती. रुकय्या जागची हलली नव्हती. जुबेदा धावत येऊन तिच्या दंडाला धरून उभी होती आणि तिला ओढत नव्हती. मागे रिक्षांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले.

डॉ. तगारे यांचा फोन निरीक्षकाच्या यंत्रावर जोडून देण्यात आला. हे संभाषण ध्वनिमुद्रित आहे.

"निलोफर, कुणाचा विचार करू नकोस. माझाही नाही. जे दिसलं ते सांग."

"मॅडम, दिसलंच नाही."

"म्हणजे?"

"ती उतरली तेव्हा मी डोळे मिटले. मिटूनच दाबला. पडद्यावर काय होतं, गाडी आपली आपण थांबत होती की नव्हती, मला खरंच माहीत नाही. आणि हे माहीत नाही म्हणायला इथं जागाच नाहीये. फक्त हो आणि नाही आहे."

तगारे यांनी विचारलं, "पडद्यावरचं चित्रीकरण?"

नियंत्रण कक्षाच्या अधिकाऱ्याने मध्येच सांगितलं, की निरीक्षकाचं उत्तर नोंदवल्याशिवाय ते उघडत नाही.

गाडी थांबल्यामुळे गल्लीसमोरचा रस्ता मोकळा झाला होता. कडेला उभ्या असलेल्या बायकांपैकी एकीनेही तो ओलांडला नाही. सव्वासहा वाजता पोलीस आले. त्यांनी रुकय्याला बाजूला व्हायला सांगितलं, तिने नकार दिला. हे लिहीत असताना साडेसहा वाजले आहेत. बस क्रमांक चार जागच्या जागी आहे, दारं बंद आहेत, आणि निलोफर मुजावर यांनी उत्तर दिलेलं नाही.